सामाईक तारेवरचा पुकारा

पिंपळगाव बसवंत आणि दिंडोरी या परिसरातून युरोपच्या बाजारपेठेत जाणारी द्राक्षे जहाजावर चढण्यापूर्वी ज्या शीतगृहांत ठेवली जातात, तेथील खोल्यांचे तापमान शून्य अंश सेल्सियसच्या आसपास, बहुधा त्याहूनही अर्धा अंश खाली, आणि हवेतील आर्द्रता ९० ते ९५ टक्क्यांच्या दरम्यान राखावी लागते. तापमान चढले तर देठ सुकून तपकिरी पडतात व बुरशीला वाव मिळतो, फार उतरले तर माल गोठण्याचे भय, आणि आर्द्रता घटली तर मालाचे वजन घटते. अशा खोलीत दाराजवळ एक तापमापक टांगून निश्चिंत राहणे धोक्याचे असते, कारण पंख्याच्या झोतातली हवा निराळी, पेट्यांच्या थप्पीच्या पोटातली निराळी, आणि हमालांच्या राबत्यामुळे वारंवार उघडणाऱ्या दारापाशी ती आणखीच निराळी. यास्तव एका खोलीत निदान चार ठिकाणी, म्हणजे सहा खोल्यांच्या शीतगृहात चोवीस ठिकाणी, मोजमापाचे घटक बसवणे इष्ट ठरते.

घटक म्हणजे तळहातावर मावेल अशी एक डबी. तीत तापमान व आर्द्रता जाणणारा सेन्सर असतो आणि त्याच्या संकेतांचे आकड्यांत रूपांतर करणारा एक मायक्रोकंट्रोलर असतो. या दोहोंची किंमत गेल्या पाव शतकात इतकी खाली आली आहे की, चोवीस घटक घेताना मालकाला हिशेब करावा लागतो तो घटकांचा नव्हे, तर त्यांना कार्यालयाशी जोडणाऱ्या तारांचा व त्या ओढणाऱ्या वायरमनच्या मजुरीचा. प्रत्येक घटकापासून कार्यालयापर्यंत स्वतंत्र केबल नेली तर भिंतींत चोवीस छिद्रे पाडावी लागतील, शीतगृहाच्या उष्णतारोधक भिंतींत छिद्रे पाडणे हे तर स्वतःच एक संकट, आणि शेवटी कार्यालयातल्या यंत्राला चोवीस तोंडे फुटावी लागतील. सर्व घटकांनी मिळून एकच तार वापरावी हा विचार त्यामुळे आपोआपच सुचतो. मात्र तो अमलात आणताना दोन भिन्न प्रश्न उभे राहतात: एक विजेचा, म्हणजे लांब तारेवरून संकेत निर्दोष कसा न्यावा हा; आणि दुसरा शिस्तीचा, म्हणजे चोवीस जणांपैकी कोणी केव्हा बोलावे हा. पहिला प्रश्न वरकरणी अवघड भासतो आणि दुसरा क्षुल्लक. प्रत्यक्षात, माझ्या मते, पहिल्याचे उत्तर दुकानात विकत मिळते, आणि दुसऱ्याची हेळसांड केल्यामुळेच बहुतेक मांडण्या फसतात.

विजेच्या प्रश्नाचा उलगडा आधी करू. मायक्रोकंट्रोलरमधून आकडे एकामागून एक अशा बिटांच्या रांगेने बाहेर पडतात. शून्य आणि एक या दोनच चिन्हांची ती रांग असते, आणि प्रत्येक बाइटच्या आरंभी एक व अंती एक अशी दोन जादा बिटे लावून तिची हद्द आखलेली असते. धाडणारा आणि घेणारा यांच्यात सामाईक घड्याळ नसते. दोघांनी आपापल्या घड्याळावर विसंबून, ठरलेल्या वेगाने, बिटे मोजायची असतात. दहा बिटे मोजून होईपर्यंत दोन्ही घड्याळांतील चूक अर्ध्या बिटापेक्षा अधिक साचली तर वाचन बिघडते, म्हणून एकंदर तफावत पाच टक्क्यांच्या आत राखणे क्रमप्राप्त होते. १९८० साली इंटेल कंपनीने बाजारात आणलेल्या ८०५१ या प्रसिद्ध मायक्रोकंट्रोलरच्या शेजारी ११.०५९२ मेगाहर्ट्‌झ असा विचित्र आकडा कोरलेला स्फटिक पुष्कळदा दिसतो, त्याचे रहस्य हेच: त्या आकड्याला १२ने, मग ३२ने व शेवटी ३ने भागले असता नेमके ९६०० उरतात, आणि ९६०० बिटे प्रतिसेकंद हा सिरियल दळणवळणाचा सर्वमान्य वेग आहे. सरळ १२ मेगाहर्ट्‌झचा स्फटिक वापरून त्याच रीतीने भाग दिला तर सुमारे १०,४१७ येतात, म्हणजे साडेआठ टक्क्यांची चूक, आणि तिथे संभाषण संपते.

ही बिटे तारेवर कोणत्या स्वरूपात घालावीत याचे जे मानक १९६० साली अमेरिकेत सिद्ध झाले, ते आरएस-२३२. त्यात एका सामाईक जमीन-तारेच्या तुलनेत संकेताची तार धन किंवा ऋण दाबावर नेली जाते. टेबलावरचा संगणक आणि शेजारचा मोडेम यांच्यासाठी ही योजना उत्तम होती. परंतु तिच्यात एक धाडणारा व एक घेणारा एवढ्यांचीच सोय, आणि पल्ला पंधरा मीटरच्या आसपासचा. शीतगृहात तर कॉम्प्रेसरच्या मोटारी सुरू होतात, बंद पडतात, आणि दर वेळी जमिनीच्या दाबालाच हिसका बसतो. ज्या जमिनीच्या आधारे संकेत मोजायचा तीच हलू लागल्यावर मोजणाराने कोणावर भरवसा ठेवावा?

या अडचणीवरचा तोडगा दूरध्वनीच्या आरंभकाळीच सापडलेला होता. एकमेकींना पीळ घातलेल्या दोन तारांच्या जोडीचे पेटंट अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी १८८१ साली मिळवले. दोन तारा एकमेकींभोवती वळल्या असतील तर बाहेरून येणारा उपद्रव दोहोंवर जवळजवळ सारखाच पडतो, आणि घेणाऱ्याने दोन तारांमधला केवळ फरक पाहायचा असे ठरवले तर सारखा पडलेला उपद्रव वजाबाकीत नाहीसा होतो. याच तत्त्वावर १९८३ साली आरएस-४८५ हे मानक प्रसिद्ध झाले. त्याची कलमे वाचताना त्यामागचा व्यवहारी विवेक जाणवतो: धाडणाराने दोन तारांत निदान दीड व्होल्टचा फरक निर्माण करावा, आणि घेणाराने तो झिजत झिजत अवघा पाव व्होल्ट उरला तरी ओळखावा, कारण २०० मिलिव्होल्टच्या पलीकडील कोणताही फरक त्याने ग्राह्य धरावयाचा आहे; त्याच्या जमिनीच्या तुलनेत तारांवरचा दाब उणे ७पासून अधिक १२ व्होल्टपर्यंत सरकला तरी त्याने तो निमूटपणे सोसावा; आणि एका जोडीवर बत्तीस घटकांचा भार चालावा. अलीकडच्या चिपा मूळ मानकाच्या एक-अष्टमांश भार टाकतात, त्यामुळे हीच संख्या २५६वर जाते. वेग लाख बिटांच्या घरात ठेवला तर पल्ला १२०० मीटरपर्यंत मिळतो, म्हणजे कोणतेही शीतगृह त्यात सहज सामावते. मायक्रोकंट्रोलर आणि ही जोडतार यांच्यामध्ये आठ पायांची एक चिप बसते. मॅक्स४८५ हे तिचे बाजारात रूढ झालेले नाव. विजेचा प्रश्न दुकानात सुटतो असे वर म्हटले ते या चिपेला उद्देशून.

आता शिस्त. आरएस-४८५ हे मानक विजेच्या दाबाविषयी सारे काही सांगते आणि कोणी केव्हा बोलावे याविषयी चकार शब्द काढत नाही. दोन घटक एकाच वेळी बोलू लागले, एकाने तारांवर एक आणि दुसऱ्याने शून्य घातले, तर जो संकेत उमटेल तो कोणाचाच नसेल.

ही अडचण मायक्रोकंट्रोलरहून फार जुनी. रेल्वेच्या तारायंत्राच्या काळी एका लोहमार्गालगतची अनेक स्थानके एकाच तारेवर असत. तारमास्तरांना कट्ट-कडकट्ट असा नाद अखंड ऐकू येई, परंतु स्वतःच्या स्थानकाची आद्याक्षरे वाजल्याखेरीज ते हात हलवीत नसत. नाशिक रोडचे एनके किंवा मनमाडचे एमएमआर ही आजही तिकिटांवर छापली जाणारी अक्षरे त्या परंपरेतलीच. तार एक असली तरी प्रत्येकाला नाव असले आणि आपले नाव ऐकू आल्याशिवाय कोणी बोलायचे नाही एवढा नियम सर्वांनी पाळला, तर कितीही माणसे एका तारेवर नांदू शकतात.

याच्या अगदी उलट दिशेने जाणारा एक प्रयोग १९७१ साली हवाई बेटांवर झाला. नॉर्मन अब्रॅमसन आणि त्यांचे सहकारी यांनी निरनिराळ्या बेटांवरील यंत्रे एकाच रेडिओ-लहरीवर होनोलुलूच्या संगणकाशी जोडली आणि प्रत्येकाला वाटेल तेव्हा बोलण्याची मुभा दिली. टक्कर झाली तर थोडा वेळ थांबून पुन्हा बोलावे, एवढीच अट. अलोहा हे त्या योजनेचे नाव. गणिताने दाखवून दिले की अशा मोकळिकीत वाहिनीच्या क्षमतेचा फार तर १८ टक्के भाग पदरात पडतो, बाकीचा मौनात आणि टक्करीत जातो. तरीही त्या योजनेची प्रतिष्ठा मोठी आहे, कारण पुढे इथरनेट तिच्यापासून स्फूर्ती घेऊन निर्माण झाले. परंतु ज्यांना केव्हा बोलावेसे वाटेल याचा नेम नाही अशा संगणकांसाठी ती योजना होती. शीतगृहातल्या डबीला स्वतःहून सांगण्यासारखे काहीच नसते. विचारले तर तापमान सांगावे, न विचारले तर गप्प राहावे, याहून अधिक कर्तव्य तिच्या माथी नाही. तिला अलोहाचे स्वातंत्र्य देणे मला निरर्थक उदारता वाटते.

मामलेदार कचेरीत किंवा दिवाणी न्यायालयात बाहेर शे-दीडशे पक्षकार ताटकळत असले तरी आत गोंगाट होत नाही, याचे कारण दारातला पुकारा करणारा शिपाई होय: त्याने नाव घ्यावे, त्या नावाच्याच इसमाने हजर व्हावे, विचारलेल्याचेच उत्तर द्यावे आणि मागे सरावे, नाव घेऊनही कोणी आला नाही तर गैरहजर अशी नोंद करून पुढचे नाव पुकारावे. सामाईक तारेसाठी सर्वाधिक रुळलेली पद्धत हुबेहूब हीच आहे. मॉडिकॉन या अमेरिकन कंपनीने कारखान्यांतील नियंत्रकांसाठी १९७९ साली ती लेखी स्वरूपात आणली आणि तिला मॉडबस असे नाव दिले. कार्यालयातला मुख्य नियंत्रक प्रश्न विचारतो. ज्याचा पत्ता घेतला तोच घटक उत्तर देतो. घटकांनी आपापसात बोलण्याची किंवा आपणहून तोंड उघडण्याची तरतूदच नाही. पत्ते १पासून २४७पर्यंत. शून्य हा पत्ता सर्वांना उद्देशून, आणि त्या फर्मानाला कोणीही उत्तर द्यायचे नाही, कारण सर्वांनी एकदम उत्तर दिले तर पुन्हा तोच गोंधळ.

एक प्रश्न आणि एक उत्तर प्रत्यक्ष उलगडून पाहण्यासारखे आहेत. सोळाच्या पायावरील अंकलेखनात प्रश्न असा: ०१ ०३ ०० ०० ०० ०२ सी४ ०बी. पहिली जोडी घटकाचा पत्ता. दुसरी आज्ञेचा क्रमांक, आणि तीन क्रमांकाची आज्ञा म्हणजे साठवलेल्या नोंदी वाचून दाखवणे. पुढच्या दोन जोड्या सांगतात की वाचन शून्य क्रमांकाच्या नोंदीपासून करावे, त्यापुढील दोन सांगतात की नोंदी दोन द्याव्यात, आणि शेवटच्या दोन म्हणजे पत्रावरची मोहोर: आधीच्या सहा बाइटांवर एक ठरावीक भागाकार करून उरलेली बाकी. घटक तोच भागाकार स्वतः करून पाहतो, आणि बाकी जुळली नाही तर प्रश्न ऐकलाच नाही असे समजून गप्प राहतो. सलग सोळा बिटांपर्यंतचा कोणताही बिघाड ही मोहोर हमखास पकडते. उत्तर असे येते: ०१ ०३ ०४ एफएफ एफबी ०३ ९सी, आणि मागोमाग त्याची मोहोर. म्हणजे पत्ता, आज्ञा, पुढे चार बाइट आहेत ही सूचना, मग दोन नोंदी. यातली दुसरी, ०३ ९सी, म्हणजे ९२४. आर्द्रता दहापट करून धाडायची असा संकेत असल्यामुळे ती झाली ९२.४ टक्के. पहिली, एफएफ एफबी, म्हणजे ६५,५३१. तिलाही दहाने भागले तर द्राक्षांचे तापमान ६,५५३ अंश निघते!

हा आकडा थट्टेचा नाही. शून्याखाली उतरलेली नोंद सोळा बिटांत लिहिताना ६५,५३६मधून वजा करून लिहिण्याचा प्रघात आहे; तेव्हा ६५,५३१ म्हणजे उणे पाच, आणि दहाने भागल्यावर उणे अर्धा अंश, जो या शीतगृहात अगदी यथायोग्य होय. मुख्य नियंत्रकाचा कार्यक्रम लिहिणाराने हा प्रघात ध्यानात घेतला नाही तर त्याची मांडणी उन्हाळ्यातल्या चाचणीत बिनचूक चालते, पारा शून्यावर असेतोवरही चालते, आणि तो शून्याच्या रेघेखाली जाताच पडद्यावर सूर्याच्या पृष्ठभागाहून अधिक उष्णता झळकून भोंगा वाजू लागतो. दोन नोंदी जोडून एक मोठा आकडा बनवायचा असेल तर आधी वरचा भाग धाडावा की खालचा, याविषयी तर मॉडबसचा दस्तऐवज मौनच बाळगतो, आणि प्रत्येक उत्पादक आपापल्या मर्जीने वागतो. नव्या घटकाची पुस्तिका मिळाल्यावर प्रथम ते पान उघडावे.

एक प्रश्न संपला आणि दुसरा सुरू झाला हे घटकांनी ओळखावे कसे? मॉडबसने त्यासाठी मौनाचाच उपयोग केला आहे: साडेतीन अक्षरे बोलायला जेवढा वेळ लागेल तेवढी शांतता पसरली की पुढे येणारा पहिला बाइट हा पत्ता समजावा. ८०५१च्या रचनाकारांनी याच कामी निराळी युक्ती योजली होती. त्यांनी प्रत्येक बाइटला एक नववे बिट जोडले. ते एक असेल तर बाइट पत्त्याचा, शून्य असेल तर मजकुराचा, आणि ज्याचा पत्ता नाही त्या घटकाला मजकुराचे बाइट आल्याची वर्दीसुद्धा मिळू नये अशी सोय चिपेतच करून ठेवली. युक्ती देखणी आहे, आणि मौनापेक्षा अधिक काटेकोरही. परंतु सर्वसाधारण संगणकाला नववे बिट धाडणे गैरसोयीचे, म्हणून ती मागे पडली.

मौनाचा हिशेब धरूनही वेळ किती लागतो ते पाहू. ९६०० या वेगाने, तपासणीचे एक बिट धरून अक्षरामागे अकरा बिटे मोजली, तर आठ बाइटांच्या प्रश्नाला ९ मिलिसेकंद, नऊ बाइटांच्या उत्तराला १० मिलिसेकंद, आणि दोन मौनांना चार-चार. घटकाला विचार करण्यास थोडी सवड दिली तरी एका पुकाऱ्याला ३५ मिलिसेकंद पुरतात. चोवीस घटकांचा फेरा एका सेकंदाच्या आत आटोपतो. खोलीचे तापमान बदलायला मिनिटे लागतात, तेव्हा याहून घाई करण्याचे प्रयोजन नाही, आणि वेग वाढवावा म्हणून हट्ट धरणारा मनुष्य तारेवर विनाकारण संकटे ओढवून घेतो.

हा हिशेब मात्र सर्व घटक जिवंत असतानाचा. एक घटक निकामी झाला आणि त्याच्या उत्तराची वाट एक सेकंद पाहावी, तीनदा पुकारा करावा असा कार्यक्रम लिहिलेला असेल, तर तो एकटा मृत घटक तीन सेकंद खातो, म्हणजे तेवीस जिवंतांच्या तिपटीहून अधिक. असे दोन-तीन घटक पडले की सारी व्यवस्था मंद झाल्याचा भास होतो आणि दोष तारेवर ढकलला जातो. यावर उपाय एवढाच की, उत्तराची मुदत शंभर-दीडशे मिलिसेकंदांची ठेवावी, आणि लागोपाठ तीन फेऱ्यांत गैरहजर राहिलेल्याचे नाव दर फेऱ्याला न पुकारता मिनिटातून एकदा पुकारावे. तो परत जागा झाला तर आपोआप हजेरीपटावर येतो. याबरोबरच त्याचे जुने तापमान पडद्यावर तसेच राहू देऊ नये. मृताची शेवटची नोंद जिवंतासारखी दिसत राहणे हा माझ्या दृष्टीने या सर्व व्यवस्थेतला सर्वांत घातक दोष आहे, कारण तो कोणालाही दिसत नाही.

आणखी एक बारीक जागा. मॅक्स४८५ या चिपेला बोलण्याची परवानगी देणारी एक पिन असते. मायक्रोकंट्रोलरने ती उचलली की घटक तारेवर बोलू शकतो, खाली सोडली की तो श्रोता होतो. उत्तर देऊन झाल्यावर ती वेळीच सोडणे अगत्याचे, नाही तर तार अडून राहते. परंतु अधीरपणे सोडली तरी घात होतो. धाडण्याची पेटी रिकामी झाली आणि शेवटचे बिट प्रत्यक्ष तारेवर गेले या दोन भिन्न घटना आहेत, आणि मायक्रोकंट्रोलर त्यांची वर्दी दोन निरनिराळ्या निशाणांनी देतो. पहिले निशाण पाहून पिन सोडणाऱ्या कार्यक्रमात शेवटचा बाइट नेमका अर्धवट कापला जातो, मोहोर जुळत नाही, आणि मुख्य नियंत्रक उत्तर फेटाळतो. प्रत्येक उत्तर शेवटच्या बाइटवरच मोडत असेल तर केबल बदलण्याआधी ही ओळ तपासावी.

तारांच्या मांडणीचे नियम थोडके आहेत. जोडतार एका घटकापासून दुसऱ्याकडे, तिथून तिसऱ्याकडे अशी सरळ ओळीने न्यावी. मधल्या पेटीतून चहूकडे फाटे फोडू नयेत, कारण प्रत्येक फाट्याच्या टोकावरून संकेत परावर्तित होऊन मागे येतो. ओळीच्या दोन्ही टोकांना, आणि केवळ दोन्ही टोकांनाच, १२० ओमचा एकेक रोधक लावावा, म्हणजे टोकाला पोचलेला संकेत तिथेच जिरतो. बाजारात मिळणाऱ्या स्वस्त मॅक्स४८५ पट्ट्यांवर हा रोधक बहुधा आधीच जोडलेला असतो. अशा दहा पट्ट्या एका तारेवर आल्या की त्यांचा एकत्रित रोध १२ ओम होतो आणि कोणत्याही घटकाचा आवाज निघत नाही. मधल्या पट्ट्यांवरील रोधक खुशाल तोडून टाकावेत. कोणीच बोलत नसताना दोन तारांतला फरक शून्याजवळ येतो आणि घेणाऱ्या चिपा त्या शांततेतून भलतीच अक्षरे वाचू लागतात. म्हणून एकाच ठिकाणी, मुख्य नियंत्रकापाशी, एक तार सुमारे ५६० ओममधून पाच व्होल्टला व दुसरी तेवढ्याच रोधातून जमिनीला बांधून ठेवावी. दोन तारांची व्यवस्था असली तरी जमिनीची तिसरी तार जोडण्यास विसरू नये. उणे ७ ते अधिक १२ व्होल्ट ही सहनशीलता मोठी खरी, तथापि वळवाच्या पावसात वीज कडाडली म्हणजे तिची मर्यादा कळते. इमारतीबाहेर जाणाऱ्या तारेला विद्युत्‌विलगीकरण केलेली चिपच वापरावी.

शिवाय तारांच्या नावांचा एक घोटाळा आहे. मानकाने जिला ए म्हटले तिला कित्येक चिप-उत्पादक बी म्हणतात. दोन कंपन्यांचे घटक एका तारेवर आले आणि त्यातला एक मुका राहिला, तर त्याच्या दोन तारा उलटसुलट करून पाहाव्यात. त्यात कोणतेही नुकसान होत नाही.

इतर पर्यायांचा उल्लेख केला नाही तर हे विवेचन एकांगी होईल. फिलिप्स कंपनीची आय-स्क्वेअर-सी ही योजना एका पेटीच्या आत उत्तम, खोल्यांमधून ओढण्यास निकामी. बॉश कंपनीने मोटारगाड्यांसाठी १९८६ साली जाहीर केलेल्या कॅन या योजनेत दोघे एकदम बोलले तरी ज्याचा संकेत अधिक निकडीचा तोच शाबूत राहतो, आणि ती खरोखर बुद्धिमत्तेची कमाल आहे. पण ब्रेक आणि इंजिन यांच्या निकडीचा निवाडा करण्यासाठी ती निर्माण झाली, आणि द्राक्षांच्या दोन पेट्यांत तशी निकड नसते. बिनतारी घटकांची जाहिरात पुष्कळ होते. परंतु शीतगृहाच्या पत्र्याने मढवलेल्या भिंती रेडिओ-लहरींच्या शत्रू आहेत, आणि शून्य अंशावर बॅटरीचे आयुष्यही आखडते. जिथे भिंतीतून तार नेता येते तिथे तारच न्यावी, हे माझे स्पष्ट मत आहे.

ज्यांना अशी मांडणी करावयाची आहे त्यांना शेवटी एक विनंती. कारखान्यातून आलेल्या बहुतेक घटकांचा पत्ता १ असा भरलेला असतो. चोवीसही एकदम जोडले तर पहिल्याच पुकाऱ्याला चोवीस जण उत्तर देतील. म्हणून तारेवर चढवण्यापूर्वी एकेक घटक टेबलावर स्वतंत्र जोडून त्याला आपला पत्ता द्यावा, तो डबीच्या झाकणाच्या आत आणि बाहेर न पुसणाऱ्या शाईने लिहावा, आणि कोणता पत्ता कोणत्या खोलीत कोणत्या कोपऱ्यात आहे याचा तक्ता करून एक प्रत कार्यालयाच्या दफ्तरात ठेवावी व दुसरी पॅनेलच्या दाराला आतून चिकटवावी. हंगामाच्या ऐन मध्यात, रात्री दोन वाजता, सतरा क्रमांकाचा घटक शोधत हिंडणारा वायरमन त्या कागदासाठी तुमचे आभार मानील.